बाबांचा वाकडा सुळा

बाबा गेल्यानंतर मला त्यांचा चेहरा आठवेना. एक चेहरा आठवायचा, पण तो त्यांचा नव्हता. दवाखान्यातल्या खाटेवरचा तो चेहरा: गाल आत गेलेले, नाक आणि हनुवटी एकमेकांच्या भेटीला निघालेली, तोंड उघडं आणि त्यात एकही दात नाही. नर्सनं पहिल्याच दिवशी त्यांची कवळी काढून माझ्या हातात ठेवली होती. घाईत असलेल्या माणसानं किल्ल्या द्याव्यात तशी. आमच्या घरात बाबांना दातांशिवाय कुणीच, अगदी आईनंसुद्धा, उजेडात पाहिलं नव्हतं. त्यामुळे शेवटचे दिवस मी ज्यांचा हात धरून बसले ते कुणी दुसरेच म्हातारे गृहस्थ होते, असं काहीतरी माझ्या मनानं घेतलं, आणि ते जाता जाईना.

बाबा कवळ्या बनवायचे. दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य माप पाठवायचे, त्यावरून बाबा दात करून द्यायचे. नीट बसले नाहीत तर माणसं थेट आमच्याकडे यायची, कारण दंतवैद्यावर ओरडायला लोक घाबरतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. मेण, प्लास्टर, गुलाबी ॲक्रिलिक, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे. सगळ्यांच्याच घरी पुढच्या खोलीत अनोळखी माणसं अशी ओळीनं तोंड उघडून बसलेली असतात, असं मला लहानपणी बरेच दिवस वाटायचं.

फोटो होते. पण फोटोत बाबा ओठ घट्ट मिटून बसायचे. दातवाल्यानं फोटोत दात दाखवले तर ती जाहिरात होते, असं त्यांचं मत. प्रत्येक फोटोत ते बँकेत कर्ज नाकारायला बसल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते दिवसभर हसायचे. त्यांचा डावा सुळा वाकडा होता हे मला माहीत होतं. तो कवळीतही वाकडाच बसवला होता हेही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. मला तो दिसत नव्हता.

वाचनालयाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता: ‘आपलं आयुष्य, आपलं पुस्तक. पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी वर्ग.’ मी आयुष्यभर दुसऱ्यांची आत्मचरित्रं वाचत आले आहे. कोण कुठल्या पानावर रडवणार हे मला प्रस्तावनेतच कळतं. मला पुस्तक लिहायचं नव्हतं. मला एक पान हवं होतं, ज्यात बाबा असतील आणि त्यांच्या तोंडात दात असतील. मी नाव घातलं.

पहिल्या वर्गाला निघाले तर आत्या दारात. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबांच्या आजारपणात ती आमच्याकडे राहायला आली होती आणि ते गेल्यावर परत जायचं विसरली होती.

"कुठे निघालीस?"

"लिहायला शिकायला."

"तुला लिहिता येतं की. शाळेत घातलं होतं तुला."

"बाबांबद्दल लिहायचंय, आत्या."

तिनं चपलांत पाय घातले. "मग मीही येते. भाऊ माझा आहे. तुझा बाप तो नंतर झाला."

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मोडलेल्या संसारावर एक पुस्तक लिहिलं होतं. ते ओळखीच्या सगळ्यांनी वाचलं होतं, कारण बाईंचे घटस्फोटित यजमान त्याच वाचनालयात ग्रंथपाल होते आणि पुस्तक बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच ते पुस्तक काढून द्यायचे. वर्गात चहाही तेच आणायचे.

"पहिली गोष्ट," बाई म्हणाल्या, "जन्मापासून सुरुवात करू नका. प्रत्येक जण जन्मतो. त्यात तुमचं विशेष काही नाही."

माझ्या शेजारी बसलेल्या विमावाल्या काकांनी हात वर केला. आयुष्यभर विमा विकून ते निवृत्त झाले होते आणि मांडीवर कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन आले होते. "मी जन्मापासून केलेली नाही."

"छान."

"पणजोबांच्या जन्मापासून केलेली आहे."

पुढे अनेक आठवडे ते वाचत राहिले आणि त्यांचा स्वतःचा जन्म काही होईना. मध्येच एकदा त्यांचे आजोबा वयात आले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, पण काकांना परत पणजोबांचं काहीतरी आठवलं आणि सगळे मागे गेलो.

"दुसरी गोष्ट," बाई म्हणाल्या, "जिवंत माणसांबद्दल लिहिताना जपून लिहा."

"का?" आत्यानं विचारलं.

दार उघडून ग्रंथपाल ट्रे घेऊन आत आले. "कारण ती चहा घेऊन येतात," बाई म्हणाल्या.

"मी छत्री फेकली नव्हती," ग्रंथपाल कप मांडत आम्हा सर्वांना उद्देशून म्हणाले. "पुस्तकात फेकली आहे. मी ठेवली होती."

"लांबून ठेवली होती," बाई म्हणाल्या.

मी पहिल्या आठवड्यात लिहून नेलं त्यात बाबा प्रेमळ, कष्टाळू आणि साधे होते. बाईंनी कागद परत दिला. "हे तिन्ही शब्द आमच्या पोस्टमनलाही लागू आहेत. त्यांना मी नुसतं बघून ओळखते. तुमच्या वडिलांना रस्त्यात कसं ओळखू?"

दुसऱ्या आठवड्यात मी दवाखाना लिहिला. त्या खोलीचा हिरवा पडदा, सलाईनची नळी, आत गेलेले गाल. नेमकं लिहिलं. मला नेमकं लिहिता येतं, कारण तेवढंच मला दिसत होतं. वाचून झाल्यावर विमावाल्या काकांनी चष्मा पुसला. मग बाई म्हणाल्या, "चांगलं आहे. पण हा माणूस तुम्हालाच अनोळखी वाटतोय, तर आमची ओळख तुम्ही कशी करून देणार?"

मी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. आत्या दोघींच्या वाटणीचं बोलली.

तिचं लेखन जोरात होतं. तिनं एकच प्रसंग घेतला होता: लहानपणी बाबा पाण्यात पडले आणि तिनं त्यांना वाचवलं. पहिल्या आठवड्यात ते बादलीत पडले होते. दुसऱ्या आठवड्यात हौदात. तिसऱ्या आठवड्यात विहीर आली.

"मागच्या वेळी हौद होता," बाई म्हणाल्या.

"आठवण वाढते हो बाई," आत्या म्हणाली. "मूल नाही का वाढत?"

हे सगळं ती शिट्टी मारत बोलायची. म्हणजे बाबा गेल्यापासून तिची कवळी नीट बसत नव्हती. बोलताना मध्येच शीळ वाजायची, जेवताना दात टाळूपासून सुटायचे, हिरड्या सोलवटून निघाल्या होत्या. "दुःख आहे हे," ती म्हणायची. "कुणाचं डोळ्यांतून बाहेर पडतं, माझं हिरड्यांत उतरलंय." नातेवाइकांत ही गोष्ट फार आदरानं सांगितली जायची. एक मावशी तर फोनवर म्हणाली होती, असं बहिणीचं प्रेम आता बघायला मिळत नाही.

कवळी बघून ठीक करू शकेल असं माणूस घरातच होतं. आई. लग्न झाल्यापासून बाबांच्या प्रत्येक कवळीला शेवटचा हात आईचा लागायचा. खडबडीत कडा घासणं, पॉलिश करणं, कुठे टोचतंय ते शोधणं, सगळं तीच करायची. पण बाबा गेले त्या आठवड्यात तिनं पुढच्या खोलीला कडी घातली ती घातलीच. आत्या तोंड उघडून तिच्यासमोर उभी राहिली तेव्हा आई म्हणाली, "वन्सं, मी आता कुणाच्या तोंडात बघणार नाही," आणि नळ गळतोय का ते बघायला निघून गेली. नळ कधीच गळत नसे. मी तिला विचारलं होतं, बाबा हसायचे तेव्हा कसे दिसायचे गं? "चांगले दिसायचे," ती म्हणाली होती, आणि नळ.

मग एका आठवड्यात बाईंनी सांगितलं, "पुढच्या वेळी त्या माणसाची एक वस्तू आणा. तिच्याबद्दल काय वाटतं ते नको. ती कशी दिसते ते. पहिल्यांदाच बघताय असं समजून बघा. वाटण्याचं काम वाचकाला करू द्या, त्याला तेवढंच काम असतं."

विमावाल्या काकांनी पणजोबांची काठी आणली. आत्यानं दोर आणला.

"कसला दोर?" बाईंनी विचारलं.

"ज्यानं त्याला विहिरीतून ओढून काढला तो."

दोर नवाकोरा होता. टोकाला दुकानाची किमतीची चिठ्ठी होती. आत्यानं ती मुठीत झाकली, पण उशीर झाला होता.

मी पर्समधून पांढरी डबी काढली. दवाखान्यात मी कवळी ज्या डबीत ठेवली होती ती डबी. बाबा गेल्यापासून ती माझ्या पर्समध्येच होती. कामावर, दुकानात, बसमध्ये, सगळीकडे. पण उघडून मी एकदाही पाहिली नव्हती.

"अगं, चारचौघांत हे काय काढतेस!" आत्या कुजबुजली. कुजबुजण्याची शीळ सगळ्या खोलीला ऐकू गेली.

"उघडा," बाई म्हणाल्या. "बघा आणि बोला. लिहू नंतर."

मी उघडली. "वरची आणि खालची," मी म्हणाले. "हिरड्यांचा रंग गुलाबी, कडेला थोडा गडद. टाळूच्या जागी बारीक रेघा आहेत, खऱ्या टाळूला असतात तशा. पुढचे दात एकसारखे आहेत. सरळ, छोटे. एकही…"

मी थांबले.

"एकही काय?" बाई म्हणाल्या.

"एकही वाकडा नाही."

"छान निरीक्षण."

पण ते निरीक्षण नव्हतं, ते संकट होतं. दात ओळीनं सरळ असले की खोटे दिसतात, असं बाबा म्हणायचे. म्हणून ते प्रत्येक कवळीत काहीतरी चुकवून ठेवायचे. एक दात किंचित फिरलेला, एक जरा झिजलेला. स्वतःच्या कवळीत त्यांनी स्वतःचा मूळचा वाकडा सुळा जसाच्या तसा बसवला होता. आयुष्यात त्यांनी फक्त एकच कवळी अगदी सरळ दातांची केली, तीही भांडण होऊन. गिऱ्हाईक म्हणालं होतं, मला सगळे एकसारखे हवेत, मोत्यांच्या माळेसारखे. हे दात खरं बोलले तरी खोटं वाटेल, बाबा म्हणाले होते. पण गिऱ्हाईक ऐकेना. गिऱ्हाईक त्यांच्याहून मोठं होतं आणि दर राखीपौर्णिमेला त्यांचा कान धरायचं.

मी हळूच मान वळवली.

विमावाल्या काकांनी तोवर संधी साधून काठीची हकीकत सुरू केली होती. पणजोबा म्हणे स्वतःच्या लग्नाला निघाले ते चुकून शेजारच्या घरात शिरले आणि तिथे त्यांना जेवूखाऊ घालून आग्रहानं बसवून घेतलं, कारण त्या घरातही मुलगी होती. "म्हणजे आमची पणजी कोणती, हा प्रश्न—" काका वाचत होते, आणि आत्या हसली. नेहमीचं नाही, खदखदून. डोकं मागे टाकून.

डावीकडे, वरच्या ओळीत, वाकडा सुळा.

क्षणभर तिथे बाबा होते. आत्याच्या साडीत, आत्याच्या खुर्चीवर, हातात नवा दोर घेऊन. मग तिनं तोंड मिटलं आणि ते गेले.

"आत्या, तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हणते ना!"

"भर वर्गात? मी काय घोडी आहे दात मोजायला?"

"तुझ्या तोंडात बाबांचे दात आहेत!"

विमावाले काका जरा दुखावून म्हणाले, "म्हणजे मी पुढे वाचू की नको?"

"हे लिहा," बाई माझ्या दिशेनं झुकून म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "हे सगळं लिहा."

मग उलगडा झाला. दवाखान्यात आत्या दुपारी खाटेशेजारच्या खुर्चीत डुलकी काढायची तेव्हा आपले दात काढून डबीत ठेवायची. बाबांचे दातही तसल्याच डबीत, त्याच कपाटावर. डब्या दोन्ही आमच्याच घरातल्या, एकाच पेटीतून आलेल्या. आणि जबडाही एकाच पेटीतून आल्यासारखा. आत्याची कवळी बसवताना बाबा म्हणाले होते, माप कशाला घ्यायचं, घराण्याचा साचा माझ्याच तोंडात आहे. थोडं इकडेतिकडे, एवढंच. ते थोडं इकडेतिकडे आत्या इतके महिने सोसत होती.

तिनं पदराआड दात बदलले. बाहेर आली ती ओळखू येईना. जीभ फिरवून बघितली, दोन-चार शब्द बोलून बघितले. शीळ नाही. "अगंबाई," ती म्हणाली. "माझेच!" आणि ग्रंथपालांनी आणलेल्या ट्रेमधलं बिस्कीट उचलून कडकडून खाल्लं.

"म्हणजे दुःख गेलं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"हिरड्यांतलं गेलं," आत्या म्हणाली, आणि दुसरं बिस्कीट घेतलं.

बाबांची कवळी आता माझ्या हातात होती. घरी आल्यावर मी ती थंड पाण्यानं धुतली, टेबलावर ठेवली आणि समोर बसले. सुळा होता. जसाच्या तसा वाकडा. पण चेहरा येईना. हसणारे दात होते आणि हसणारा नव्हता. त्याच्याइतकी मूर्ख दिसणारी गोष्ट जगात दुसरी नसेल. वर्गात आत्याच्या तोंडात जे क्षणभर दिसलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला तर परत हिरवा पडदा आणि सलाईनची नळी.

"आत्या," मी म्हणाले, "एकदा परत घाल ना."

"काय घालू?"

"बाबांचे दात."

"मुळीच नाही. हिरड्यांना आज पहिल्यांदा बरं वाटतंय."

"थोडा वेळ. मला बघून लिहायचंय."

"उष्टे आहेत ते."

"इतके दिवस काय होते?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. न कळता केलेलं वेगळं." ती जरा थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर भाजीवाल्याशी घासाघीस करतानाचा भाव आला. "घालीन. पण विहीर पुस्तकात यायला हवी."

"बादली होती, आत्या."

"विहीर."

"बादली. तू स्वतः पहिल्या आठवड्यात लिहिलंयस."

"मग तुझं तू बघ." तिनं पाय वर घेतले.

"टब," मी म्हणाले.

"हौद."

"बरं, हौद."

"खोल हौद."

"मुलाच्या मानानं खोल."

"तसं स्पष्ट लिहायची काही गरज नाही," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.

उजेडासाठी मी तिला खिडकीपाशी बसवलं. तिनं दात चढवले, पाठ ताठ केली आणि फोटो काढायला बसल्यासारखी हसली. सुळा दिसत होता. पण ती आत्याच होती, दुसऱ्याचे दात घातलेली. मी म्हटलं, जरा कमी. तिनं कमी केलं तर दाताला ठणका लागल्यासारखी दिसायला लागली. मी म्हटलं, वर्गात हसलीस तशी. ती ‘हा हा हा’ म्हणाली. मधल्या ‘हा’ला शीळ वाजली. मी कागदावर लिहिलं, ‘डावा सुळा वाकडा,’ आणि पुढे काहीच लिहिता येईना. दातही मिळाले होते, जबडाही होता, आता आणखी काय आणायचं राहिलं होतं? हे कधीच येणार नसेल, तर मग तो दवाखान्यातलाच माणूस माझा बाप म्हणून राहणार होता.

"किती वेळ?" आत्या दात न हलवता म्हणाली. "टोचतंय."

"असे नाही हसायचे हे."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ओला फडका. ती किती वेळ तिथे होती कुणास ठाऊक. मला वाटलं, आता ती नळाकडे जाणार.

"मग कसे?" मी विचारलं. भीत भीतच विचारलं.

"आधी नाक," आई म्हणाली.

"नाक?" आत्या म्हणाली.

"आधी नाकपुड्या फुलायच्या. गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही म्हणून दाबून धरायचे ना. मग वरचा ओठ थरथरायचा. मग डावीकडून सुटायचं. वन्सं, नाकपुड्या फुलवा."

आत्यानं फुलवल्या.

"एवढ्या नाही. बैल नव्हते ते." आई पुढे आली. तिनं फडका खांद्यावर टाकला, आत्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि तोंडात डोकावून बघितलं. "उजवी कड तुम्हाला टोचतेय. लाल झालंय बघा. केवढं सोसलंत हो." मग तिनं बोटानं आत्याचा डावा गाल वर ढकलला. "असं. इथे एक घडी पडायची. तू लिहितेस ना?"

"हो."

"वन्सं, ओठ बंद. हसू आतल्या आत."

"मला हसूच येत नाहीये तर आत काय ठेवू?" आत्या बंद ओठांनी म्हणाली. "हाताला वास येतोय तुझ्या लसणाचा."

आई विचारात पडली. मग आमच्या दोघींकडे न बघता, आत्याच्या गालावरचं बोट तसंच ठेवून बोलायला लागली.

"तो लिलाववाला आला होता एकदा. जुन्या सामानाचे लिलाव करायचा तो. वन्सं, तुम्ही नव्हतात. तू शाळेत असशील. म्हणाला, कवळी घरात बसते, कामावर सुटते. हे म्हणाले, कामावर जसं ओरडता तसं इथे ओरडा, मला बघू दे. तो लाजला. हे म्हणाले, लाजू नका, समजा ही खुर्ची विकायला काढलीय. मग तो ओरडला. एक वार! काही नाही. दोन वार! काही नाही. आणि तीन वार म्हणताना वरची कवळी जी उडाली ती थेट माझ्या पुढ्यातल्या भांड्यात. मी प्लास्टर कालवत होते. डुबुक."

आत्याच्या नाकपुड्या हलल्या.

"तो बिचारा तोंडावर हात धरून उभा. मी भांडं धरून उभी. कुणी हसायचं नाही, गिऱ्हाईक होतं. यांनी माझ्याकडे बघितलं. भांड्याकडे बघितलं. टेबलावर हातोडी होती, ती उचलली, हळूच एकदा टेबलावर आपटली, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ‘बाईंना गेली.’"

आत्यानं ओठ घट्ट दाबले. वरचा ओठ थरथरला. तिनं मान हलवली, नको नको अशी, हातानं आईला थांबवायला गेली, आणि ते सुटलं. डावीकडून. आधी सुळा दिसला, मग गालावरची घडी, मग सगळं. शीळ वाजवत, खांदे हलवत, डोळे मिटून ती हसत होती, आणि ती ती नव्हती. हसता हसता श्वास घ्यायला थांबायचं आणि परत तिथूनच सुरू करायचं, हे मी पार विसरून गेले होते. मला ते कुणी विचारलं असतं तर मी सांगू शकले नसते. आता समोर होतं. मी बघत राहिले. पेन हातात होतं की खाली पडलं होतं मला माहीत नाही. मीही हसत होते, आणि माझं तोंड, नाक, डोळे सगळं एकदमच वाहत होतं.

आईनं गालावरचं बोट काढलं. तरी घडी तशीच राहिली. आई त्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या जवळून, इतका वेळ, की आता ती मागे सरकेल असं मला वाटलं. तिनं खांद्यावरचा फडका घेतला आणि त्या चेहऱ्याच्या डोळ्यांतून ओघळलेलं पाणी पुसलं.

"अहो, पुरे आता," ती म्हणाली. "ठसका लागेल."

आत्यानं एरवी कुणालाही आपल्या तोंडावर असं दुसऱ्याच कुणाशी बोलू दिलं नसतं. आज दिलं. दातही लगेच काढले नाहीत. टोचत असणार, तरी ते हसू ओसरेपर्यंत तशीच बसून राहिली, आईकडे बघत.

मी पेन शोधलं. ते खुर्चीखाली गेलं होतं. हिरव्या पडद्याचा कागद बाजूला ठेवून नवा घेतला आणि वर लिहिलं: ‘आधी नाकपुड्या.’